सैनिकी सेवेचा खोटा दावा

सैन्यदलात कधीच नसताना, किंवा प्रत्यक्षात नसलेले पद अथवा शौर्यपदक आपल्या नावावर सांगून नोकरी, निवृत्तिवेतन, करसवलत यांसारखा लाभ उकळणे हा भारतात दंडनीय अपराध आहे. मात्र त्यासाठी एकच स्वतंत्र कायदा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार, आपण सैनिक, नाविक किंवा वायुसैनिक आहोत असा समज व्हावा म्हणून तसा गणवेश वा चिन्ह वापरणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही शिक्षा सौम्य आहे. खरी जरब याच संहितेच्या दुसऱ्या कलमांत आहे: तोतयेगिरीने फसवणूक केल्यास (कलम ३१९) पाच वर्षांपर्यंत, तर फसवून मालमत्ता मिळवल्यास (कलम ३१८) किंवा फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज तयार केल्यास (कलम ३३६) सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

अमेरिकेत २००५ च्या कायद्याने पदकाविषयी नुसते खोटे बोलणेही गुन्हा ठरवले होते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो भाषणस्वातंत्र्याच्या विरोधात ठरवून रद्द केल्यावर, २०१३ मध्ये पैसा किंवा अन्य मूर्त लाभ मिळवण्याच्या हेतूची अट घालून नवा कायदा करण्यात आला.

मराठवाड्याला या प्रश्नाची ओळख झाली ती सैनिकांमुळे नव्हे, तर स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनामुळे. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील अनेक कार्यकर्ते भूमिगत होते किंवा निजामाच्या हद्दीबाहेरील सीमेवरच्या कॅम्पांतून लढले. त्यांच्या नावाची तुरुंगातील नोंद असणे शक्यच नव्हते. म्हणून सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे पुरावा मानली गेली. खऱ्या लढवय्यांसाठी ठेवलेल्या याच वाटेने खोटे दावेही आत शिरले. बीड जिल्ह्यातील बोगस स्वातंत्र्यसैनिकांची चौकशी न्या. पालकर आयोगाने केली, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या या वादात २००५ च्या निकालाने फसवणुकीने मिळवलेला लाभ टिकू शकत नाही, या तत्त्वाची सविस्तर चर्चा केली. ज्यांनी रझाकारांच्या काळात घरदार पणाला लावले, त्यांच्या वारसांनाही या प्रकरणानंतर संशयाला तोंड द्यावे लागले, ही या गुन्ह्याची सर्वांत मोठी हानी होय.

माजी सैनिकाच्या बाबतीत पडताळणी तुलनेने सोपी आहे. त्याला सेवा क्रमांक असतो, डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीची पुस्तिका) असते, निवृत्तिवेतनधारकाकडे पीपीओ (निवृत्तिवेतन अदा करण्याचा आदेश) असतो, आणि मूळ नोंद त्या त्या पलटणीच्या किंवा कोअरच्या अभिलेख कार्यालयात राहते. त्यामुळे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने किंवा नोकरी देणाऱ्या खात्याने झेरॉक्स प्रतीवर विसंबून न राहता अभिलेख कार्यालयाला थेट विचारणा केली, तर बनावट कागद फार काळ टिकत नाही. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि ड मधील पदांवर माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. तोतयाने बळकावलेली प्रत्येक जागा याच मर्यादित हिश्श्यातून जाते, म्हणून ही विचारणा टाळणे अक्षम्य आहे.

प्रत्येक फेटाळलेला अर्ज मात्र गुन्हा नसतो. माजी सैनिकाची व्याख्या सेवामुक्तीची तारीख व कारण यांनुसार बदलते, आणि प्रशिक्षण अर्धवट सोडून घरी परतलेला तरुण किंवा सीमा सुरक्षा दलातून निवृत्त झालेला जवान त्या व्याख्येत बसत नाही. अशा व्यक्तीने आपली खरी कागदपत्रे जोडून चुकीच्या समजुतीने अर्ज केला, तर तो नामंजूर होतो; फसवण्याचा हेतू सिद्ध झाल्याशिवाय फौजदारी जबाबदारी येत नाही.