वीरपत्नीने दिराशीच लग्न करावं, नाहीतर पेन्शन जाते?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात सासर-माहेरची माणसं अजूनही हे सांगतात. हे खरं नाही. या भीतीपोटी तरुण मुलीला नको त्या लग्नात ढकलणं हा तर उघड अन्याय आहे.

शौर्यपदकासोबतच्या भत्त्यासाठी दिराशीच लग्न करण्याची अट होती. नोव्हेंबर 2017 मध्ये संरक्षण मंत्रालयाने ती काढून टाकली.

युद्धात कामी आलेल्या जवानाच्या पत्नीला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, म्हणजे त्याच्या शेवटच्या पगाराइतकं. तिने कुणाशीही लग्न केलं आणि मुलांना सांभाळत राहिली, तर ते पूर्ण चालू राहतं. मूल नसेल तरीही. मुलांना सोडलं, तर मात्र तिची रक्कम घटते आणि मुलांचा हिस्सा वेगळा निघतो.

खरी अडचण कागदांत येते. विवाह दाखला कन्नडमध्ये, आधारवर माहेरचं नाव, लष्करी नोंदीत तिसरंच स्पेलिंग. मग फाईल अडते. आधी नावं जुळवून घ्या. जवान मराठा लाइट इन्फन्ट्रीचा असेल, तर बेळगावातच असलेल्या रेजिमेंटच्या अभिलेख (रेकॉर्ड) कार्यालयाला लग्नाबद्दल लेखी कळवा. सोबत नवा विवाह दाखला, मुलांचे जन्मदाखले जोडा आणि पोच घ्या. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं.

लग्न लपवू नका. जास्तीची रक्कम खात्यात जमा झाली असेल, तर पुढे वसुली लागते.