संधिवात : स्व-देखभालीचे शिक्षण (कोकण)

दीर्घकाळ सांधे दुखणाऱ्या रुग्णाला हालचाल, व्यायाम, विश्रांती, शेक व औषधे यांबाबतचे रोजचे निर्णय स्वतः घ्यायला शिकवण्याची पद्धत. ती औषधोपचाराच्या जोडीने चालते, त्याच्या जागी नव्हे.

संज्ञा : मराठीत ‘संधिवात’ हा एकच शब्द अनेक विकारांना लावला जातो. चरकसंहितेतील संधिगत वाताच्या वर्णनात सूज हवा भरलेल्या चामड्याच्या पिशवीसारखी लागते आणि सांधा आखडता-पसरता दुखतो, असे म्हटले आहे. ‘आमवात’ या व्याधीला स्वतंत्र अध्याय मिळतो तो माधवनिदान या रोगनिदानावरील आयुर्वेदीय ग्रंथात. या ग्रंथाचा काळ बहुधा इ. स. सातवे ते आठवे शतक. काही अभ्यासक तो नवव्या शतकापर्यंत पुढे आणतात. आमवात म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो विकार), असे समीकरण सर्रास मांडले जाते. लक्षणे बरीच जुळत असली तरी सगळी जुळत नाहीत, त्यामुळे येथे ते गृहीत धरलेले नाही. शिकवणाऱ्याला मात्र कूर्चेच्या (हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाच्या) झिजेचा विकार (ऑस्टिओआर्थ्रायटिस) आणि शोथाचा (सांध्यातील दाहाचा) विकार वेगळे ओळखता आले पाहिजेत. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत सुटत असेल तर बहुधा झीज. तासभर किंवा अधिक टिकत असेल तर शोथाची शंका घेऊन तपासणी करावी.

उगम व परिणाम : या शिक्षणाचा सर्वाधिक अभ्यासलेला नमुना अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या अखेरीस केट लॉरिग यांनी तयार केला. सहा आठवडे, दर आठवड्याला सुमारे दोन तासांचा वर्ग, आणि शिकवणारे बहुधा स्वतःच संधिवाताचे रुग्ण, असे त्याचे स्वरूप होते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्गानंतर चार वर्षांनी वेदना सरासरी २० टक्क्यांनी आणि डॉक्टरांकडील फेऱ्या ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हे घडले कशामुळे, यावर वाद आहे. जो जास्त व्यायाम करील त्याला जास्त आराम, अशी मूळ अपेक्षा होती. परंतु १९८९ च्या विश्लेषणात सवयींतील बदल आणि सुधारणा यांचा संबंध क्षीण निघाला. त्यामुळे ‘हे मला जमेल’ या विश्वासाकडे, म्हणजे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या संकल्पनेकडे, लक्ष वळले. पुढचे संकलित आढावे अधिक सावध आहेत. झिजेच्या विकारावरील २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात) लाभ अल्प किंवा नगण्य ठरला. तरीही विश्वासाचे स्पष्टीकरणच अधिक पटणारे वाटते. म्हणून आठवडाभरात नक्की पार पडेल असे छोटे काम रुग्णाने स्वतः ठरवणे, हा या पद्धतीचा गाभा मानावा.

कोकणातील आशय : येथे ती छोटी कामे परिसरातूनच निवडावी लागतात. भातलावणीत बायका गुडघाभर चिखलात कमरेत वाकून दिवस काढतात. तेव्हा ‘वाकू नका’ हा सल्ला निरुपयोगी. दर काही वेळाने बांधावर येऊन ताठ उभे राहणे आणि वाकण्याचे काम आलटूनपालटून करणे शिकवता येते. (नेरळ येथे विकसित झालेली सगुणा भात पद्धत चिखलणी आणि लावणी दोन्ही टाळते; तिचा या अंगाने विचार व्हायला हवा.) विळी ओट्यावर घ्यावी किंवा उभ्याने सुरी वापरावी. पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. बहुतेक जण ती नेमकी उलट धरतात. ओटीच्या (घराच्या पुढच्या पडवीच्या) कडेवर बसून एकेक पाय सरळ करून काही सेकंद धरणे, हा मांडीच्या स्नायूंचा साधा व्यायाम आहे. त्यानंतर वाढलेले दुखणे दोन तासांहून अधिक टिकले, तर पुढच्या वेळी प्रमाण कमी करावे.

आखडलेल्या सांध्याला शेकाने बरे वाटते. गरम, सुजलेल्या सांध्याला थंड पट्टी मानवते. निगुडीच्या पाल्याचा शेक घरोघरी आहे. दापोलीजवळचे उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातील तुरळ-राजवाडी आणि राजापूरचे उन्हाळे येथील गरम झऱ्यांत दुखऱ्या सांध्यांसाठी स्नान केले जाते. उष्णतेने तात्पुरता आराम पडतो.

अध्यापनाची जागा : वस्ती वाडी-वाडीने विखुरलेली आणि तरुण चाकरमानी मुंबईत, त्यामुळे घरी अनेकदा वयस्कच उरतात. बचत गटाची बैठक दवाखान्यापेक्षा जवळची पडते. मासळीबाजारात मांडी घालून बसणारी किंवा काजू फोडणारी बाईच तेथे शिकवू लागली, तर तिचे ऐकले जाईल.

औषधांबाबतचा धडा कधीही वगळू नये. वेदनाशामक गोळ्या परस्पर घेत राहिल्याने जठरात व्रण होऊ शकतात आणि मूत्रपिंडांना इजा पोचू शकते. सांधा एकाएकी सुजून ताप आला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जीवावर बेतू शकते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या वाराला रुग्णाकडूनच खुणा करून घ्याव्यात.