सँडहिल क्रौंचाच्या शिकारीतील बंदूक व काडतुसे

सँडहिल क्रौंच (शास्त्रीय नाव अँटिगोनी कॅनाडेन्सिस) हा उत्तर अमेरिकेतला राखी रंगाचा उंच पक्षी. कपाळावर लाल कातडी, उंची मीटरभर किंवा थोडी अधिक, पंखांचा विस्तार दोन मीटरच्या आसपास आणि वजन उपजातीनुसार साधारण ३ ते ५ किलो. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात दिसणारा सारस याच अँटिगोनी प्रजातीतला. भारतात क्रौंचकुळातल्या पक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभय आहे. सँडहिलची शिकार मात्र अमेरिका आणि कॅनडाच्या काही भागांत परवान्याने, ठरावीक हंगामात चालते. तिथे कोणती बंदूक आणि कोणते छर्रे वापरावेत हा प्रश्न पक्ष्याच्या शरीररचनेशी जितका बांधलेला आहे, तितकाच कायद्याशी.

१९१६ च्या स्थलांतरित पक्ष्यांविषयीच्या करारानंतर ही शिकार अमेरिकेत बंद झाली. ती १९६१ मध्ये खंडाच्या मधल्या पट्ट्यातून स्थलांतर करणाऱ्या थव्यांपुरती पुन्हा सुरू झाली. आज टेक्सस, ओक्लाहोमा, कान्सस, नॉर्थ डाकोटा, तसेच कॅनडातला सस्कॅचेवान हे तिचे प्रमुख प्रदेश आहेत. पूर्वेकडे केंटकीने २०११ मध्ये, टेनेसीने २०१३ मध्ये आणि अलाबामाने २०१९ मध्ये तिला परवानगी दिली. वसंतात प्लॅट नदीकाठी लाखो सँडहिल ज्या नेब्रास्कात उतरतात, तिथे मात्र ती चालत नाही. क्रौंचाची मादी बहुधा दोनच अंडी घालते आणि जोडीचे एखादेच पिल्लू मोठे होते. त्यामुळे अमेरिकेत रोजची मर्यादा दोन-तीन पक्ष्यांच्या पुढे सहसा जात नाही. जखमी होऊन हातातून निसटलेला पक्षी अशा जातीला महागात पडतो. बंदूक आणि काडतुसाच्या निवडीत सर्वाधिक वजन याच गोष्टीला द्यायला हवे.

क्रौंच दिसायला मोठा, पण मर्मस्थान लहान. लांब मान, लांब पाय आणि रुंद पंख वगळले तर फुप्फुसे आणि हृदय असलेला भाग मोठ्या हंसापेक्षा फारसा मोठा नसतो. पंखाच्या पिसांतून किंवा पायांवर छर्रे गेले तर पक्षी मरत नाही, जखम घेऊन दूर जातो. म्हणून अनुभवी शिकारी डोके आणि मान यांवर नजर ठेवतात. त्यात पक्ष्याचा आकार दोनदा फसवतो. मोठा पक्षी आहे त्यापेक्षा जवळ वाटतो आणि पंखांची संथ हालचाल पाहून तो हळू उडतोय असे वाटते. ताशी ५० किलोमीटरने जाणारा क्रौंच ३५ मीटरवर असेल, तर छर्रे पोहोचेपर्यंत तो सुमारे दीड मीटर पुढे सरकलेला असतो. शरीराच्या मध्यावर नेम धरून चाप ओढला, तर छर्रे त्याच्या मागे ताणलेल्या पायांच्याही पलीकडून निघून जातात.

बंदूक म्हणून सर्रास वापरली जाते ती १२ बोरची. बोरचा आकडा जितका लहान, तितकी नळी रुंद. स्थलांतरित पक्ष्यांसाठी अमेरिकेत १० बोरपेक्षा मोठी बंदूक चालत नाही, आणि बंदुकीत एकावेळी तीनच काडतुसे मावतील असा अडसर बसवावा लागतो. १२ बोरमध्ये तीन इंची म्हणजे ७६ मिलिमीटरचे काडतूस बहुतेकांना पुरते. साडेतीन इंची काडतूस १९८८ मध्ये मॉसबर्ग आणि फेडरल या कंपन्यांनी आणले. शिशाऐवजी वापरले जाणारे पोलाद त्याच्यापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाचे छर्रे जास्त जागा घेतात, हे त्यामागचे कारण. या काडतुसाचा खांद्याला बसणारा धक्का जबर असतो, आणि धक्क्याच्या धास्तीने चाप ओढताना अंग आखडणाऱ्याला मिळालेल्या जादा छर्‍यांचा काही उपयोग होत नाही. बाराच्या गॅसवर पुढचे काडतूस आपोआप भरणारी सेमी-ऑटोमॅटिक बंदूक हा धक्का बराच सौम्य करते. पंप बंदूक (नळीखालची मूठ मागे-पुढे करून काडतूस भरायची) स्वस्त, थंडी-चिखलातही भरवशाची. या दोन्हींपैकी जी खांद्याला नीट बसते आणि जिच्याशी हात रुळलेला आहे, तीच घ्यावी. २० बोरही चालते, पण अंतर कमी ठेवण्याची शिस्त असणाऱ्यालाच.

छर्‍यांच्या बाबतीत धातूचा प्रश्न आधी येतो. शिशाचे छर्रे शेतात पडून राहतात, पक्षी ते खडे समजून गिळतात, पेषणीत (दाणे दळणाऱ्या जठरात) ते झिजतात आणि पक्षी विषबाधेने मरतात. म्हणून अमेरिकेने १९९१ पासून बदके-हंसांच्या शिकारीत शिशाला देशभर बंदी घातली. क्रौंचासाठी बिनविषारी छर्रे सक्तीचे आहेत की नाहीत, हे तिथे राज्यागणिक तपासावे लागते. केंटकी आणि टेनेसीत ते सक्तीचे आहेत. कायदा सूट देत असला, तरी क्रौंच ज्या धसकटात दाणे टिपतो त्याच धसकटात शिसे पेरणे मला पटत नाही.

पोलादी छर्रे सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक वापरात. पोलादाची घनता सुमारे ७.८, शिशाची ११.३. हलका छर्रा वेग लवकर गमावतो, म्हणून शिशात जो आकार पुरला असता त्यापेक्षा दोन आकार मोठा छर्रा घ्यायचा असा रूढ नियम आहे. सँडहिलसाठी बीबी (व्यास ४.६ मिमी) आणि २ नंबर (३.८ मिमी) यांच्या दरम्यानचे आकार चालतात. फसवे पक्षी (क्रौंचाच्या प्रतिकृती) मांडून अगदी जवळ उतरवलेल्या थव्यावर २ नंबर, वरून जाणाऱ्यांवर बीबी. सव्वा औंसाच्या (सुमारे ३५ ग्रॅम) भारात बीबीचे सुमारे ९० छर्रे बसतात, तर २ नंबरचे १५० हून अधिक. मोठा छर्रा खोल जातो, तर लहान पण अनेक छर्रे मानेवर नेम बसण्याची शक्यता वाढवतात. निवड या दोहोंत करायची असते. बिस्मथ या धातूची घनता ९.६ असल्याने तो शिशाच्या जवळपास वागतो, शिवाय मऊ असल्याने जुन्या नळ्यांना सोसतो. टंगस्टनच्या महाग मिश्रधातूची घनता १८ पर्यंत जाते, म्हणून त्याचे अडीच मिलिमीटरचे बारीक छर्रेही खोलवर शिरतात. क्रौंचाचे मांस खाण्यासाठी नावाजलेले आहे, तेव्हा स्वयंपाकाआधी छातीच्या मांसात बोट फिरवून छर्रे काढावेत. पोलादावर किंवा टंगस्टनवर पडलेला दात तुटतो.

नळीच्या तोंडाचा आवळपणा म्हणजे चोक. पोलादी छर्रे चपटत नाहीत, त्यामुळे ते शिशापेक्षा घट्ट फैलावतात. मोठ्या पोलादी छर्‍यांसाठी मॉडिफाइड म्हणजे मध्यम आवळ चोक पुरेसा असतो. फुल म्हणजे जास्त आवळ चोकमधून ते झाडले तर फैलाव बिघडू शकतो, आणि पोलादासाठी न बनवलेल्या जुन्या नळीला इजा होते. चोकवर लिहिलेल्या नावावर विसंबू नये. ३५ मीटरवर मोठा कागद लावून एक बार काढावा, जिथे छिद्रे सर्वाधिक दाट तिथे ७५ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ आखावे आणि आतली छिद्रे मोजावीत. ९० पैकी ६५ आत असतील तर काडतूस आणि चोकची जोडी जमली. मग क्रौंचाच्या डोक्यामानेचा आकार पुठ्ठ्यात कापून त्या वर्तुळावर ठेवावा. दोन-तीन छिद्रेही झाकली जात नसतील, तर काडतूस किंवा चोक बदलावा.

साडेतीन इंची काडतूस घेतले म्हणून ५५ मीटरवरचा पक्षी मारण्याजोगा होत नाही. पोलादी छर्‍यांना ३५ ते ४० मीटर ही मर्यादा धरावी. लपण (शिकाऱ्याने दडून बसायची जागा) चांगले बांधून थवा तेवढा जवळ आणणे, हे कोणत्याही महाग काडतुसापेक्षा जास्त कामी येते.

जवळ येऊ देण्याचे आणखी एक कारण आहे. कान्सस, ओक्लाहोमा आणि टेक्ससमधून सँडहिलच्याच वाटेने व्हूपिंग क्रौंच जातो. १९४१ मध्ये त्याचे वीस-बावीसच पक्षी उरले होते. तो पांढराशुभ्र, पंखांची टोके काळी आणि सँडहिलहून उंच. पण पहाटेच्या अंधुक प्रकाशात, सूर्यासमोरून येताना दोघेही काळेच दिसतात. २००४ मध्ये कान्ससमध्ये सँडहिलच्या शिकाऱ्यांच्या हातून दोन व्हूपिंग क्रौंच मारले गेले. कान्सस, केंटकी आणि टेनेसीत परवान्यापूर्वी पक्षी ओळखण्याची परीक्षा द्यावी लागते. रंग स्पष्ट दिसत नसेल तर बार काढायचा नाही.

खाली पडलेला जखमी क्रौंच उभा राहतो आणि चोच भाल्यासारखी चालवतो. त्याचा रोख डोळ्यांकडे असतो, पायांच्या नख्याही तीक्ष्ण असतात. म्हणून कुत्रा त्याच्यावर सोडत नाहीत, पट्ट्याने धरून ठेवतात. पक्षी मेला आहे याची दुरून खात्री करूनच माणूस जवळ जातो, तोही डोळ्यांवर चष्मा घालून. अशा वेळी खिशात ४ किंवा ६ नंबरची दोन-तीन बारीक छर्‍यांची काडतुसे असावीत. १५-२० मीटरवरून डोक्यावर दाट फैलाव पडतो आणि पक्षी तिथेच संपतो.