बडोद्याची उसळ आणि वेगळ्या वाटीतली तरी

बडोद्यात सेव उसळीच्या गाडीवर एक पद्धत आहे. उसळीवर शेव, बारीक चिरलेला कांदा, थंडीत हिरव्या लसणाची पात, बाजूला पाव. आणि लालभडक तेलकट तरी वेगळ्या भांड्यात. आपल्या जिभेला झेपेल तेवढी आपण ओतून घ्यायची. पक्का गुजराती माणूसही तिला 'तरी'च म्हणतो. लहानपणी रविवारी सकाळी बाबा डबा घेऊन ही उसळ आणायला जायचे आणि आजी दर रविवारी झाकण उघडून तेच विचारायची, "ही कसली उसळ? हिला मोड कुठेत?" मोड नसतातच. सुके पांढरे वाटाणे रात्रभर भिजवून मऊ शिजवलेले असतात. आजीच्या लेखी उसळ म्हणजे मोड आलेली मटकी, नाहीतर सोललेल्या डाळिंब्या. त्यात गूळ, आमसूल, वर ओलं खोबरं. तरीही वाटीभर घ्यायची. तरीशिवाय.

नाव मराठी, तरी मराठी, खाणारं गाव मात्र गुजराती. हे कसं जमलं ते पाहायचं तर पार अठराव्या शतकात जावं लागतं. पिलाजीराव गायकवाडांचा गुजरातेतला अंमल १७२०च्या दशकात वाढत गेला आणि १७३४ पासून बडोदं गायकवाडांकडे कायमचं राहिलं. फौजेबरोबर शिलेदार आले, त्यांच्यामागून कारकून, भिक्षुक, आचारी, वैद्य आले. पुढे सयाजीराव तिसरे १८७५ साली दत्तक येऊन गादीवर बसले, तेही नाशिककडच्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून. त्यांच्या कारकिर्दीत शिक्षक, गवई, इंजिनिअर, लेखक अशा मराठी माणसांची आणखी एक लाट आली. १९०९ मध्ये मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरलं, यावरून इथला मराठी वस्तीचा जम लक्षात यावा. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत वाडे उभे राहिले. दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा भित्तिचित्रांसाठी अजून पाहायला मिळतो. चित्रं सगळे पाहतात. मी अशा वाड्यात गेलो की मला आधी चूल कुठे असेल ते शोधावंसं वाटतं.

कारण बडोद्याचं मराठी जेवण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पाट, रांगोळी, अळूचं फदफदं, मसालेभात आणि जिलबीची पंगत येते. ते खरं, पण अर्धंच. गायकवाडांच्या बरोबर आलेली बरीचशी घरं मराठा होती. माझ्या वर्गमित्राच्या घरी दसऱ्यानंतर मटणाचा रस्सा व्हायचा. त्याची आई पातेलं जरा तिरकं करून वरचा लाल तवंग पळीनं अलगद काढायची आणि वाटीत बाजूला ठेवायची. ज्याला हवा तो वर घेई, मुलांना पांढुरका रस्सा. मी डोळे विस्फारून बघत बसायचो, आमच्या घरी असला तवंग दिसला असता तर आजीनं फोडणी बिघडली असं जाहीर केलं असतं. मला वाटतं, सेव उसळीत ही दोन्ही स्वयंपाकघरं आहेत. कडधान्याला उसळ म्हणायची सवय घरोघरची, पण तरी आली ती रश्श्याच्या पातेल्यातून. शेव गुजरातनं घातली.

बडोद्याच्या मराठी माणसाला पुण्या-मुंबईचे पाहुणे एक टोमणा हमखास मारतात: तुमचा सगळा स्वयंपाक गोड, गुजराथी झालात तुम्ही. मला हे मुळीच पटत नाही. आमच्या आमटीत गूळ काही इथे येऊन पडला नाही, तो देशावरूनच आला. आमटी आणि गुजराती दाळ शेजारी ठेवून बघा. दोन्हींत तूरडाळ, आणि तुरीचं म्हणाल तर वासदची डाळ अगदी हाताशी. दोन्हींत गूळ, दोन्हींत आंबट: आमच्याकडे चिंच नाहीतर आमसूल, त्यांच्याकडे कोकम किंवा लिंबू. म्हणजे पाया एकच. फरक वरचा. दाळ घुसळून एकजीव पातळ करतात, तिच्यात लवंग-दालचिनी आणि शेंगदाणे घालतात. आमटीला लागतो गोडा मसाला. तो दगडफूल घातलेला मसाला आमच्याकडे पुण्याहून येणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीतून यायचा आणि संपत आला की पाहुण्यांची वाट अधिकच बघितली जायची. १८६०च्या दशकात बडोदं रेल्वेनं मुंबईला जोडलं गेलं, तेव्हापासून कितीतरी घरांचा मसाला असाच गाडीनं आला असणार. दरम्यान आजीच्या आमटीत कधीतरी शेंगदाणे आले. ती ते कबूल करायची नाही. "पडले चुकून," म्हणायची.

दाळढोकळीचं तर वेगळंच. गुजराती शेजारणीला वाटायचं आजी ती तिच्याकडून शिकली; आजी म्हणायची ही आमची वरणफळंच, यांनी नाव बदललं. कणकेचे शंकरपाळ्यासारखे तुकडे, उकळत्या वरणात सोडलेले. कोण कुणाकडून शिकलं, हा वाद दोघींनी मरेपर्यंत आनंदानं जपला. पुरणपोळीवर मात्र तह होता. त्यांची वेढमी तुरीच्या डाळीची, आमची पोळी हरभऱ्याच्या डाळीची. आमच्याकडे डाळीचं पाणी काढून कटाची आमटी, त्यांच्याकडे तुरीच्या डाळीच्या पाण्याचं ओसामण. वाट्या जिन्यावरून खाली-वर जायच्या. रिकामी वाटी परत पाठवायची नाही हा नियम दोन्ही घरांत होता, म्हणून वाटी कधी घरी राहायचीच नाही.

या देवाणघेवाणीला पंचांगाचीही साथ होती. गुजराती आणि मराठी महिने एकाच दिवशी सुरू होतात, फक्त त्यांचं नवं वर्ष कार्तिकात आणि आपलं चैत्रात. श्रावण वद्य षष्ठीला शेजारी रांधण छठ, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या शीतळा सातमसाठी सगळं आधी करून ठेवायचं, कारण सातमला चूल पेटवायची नाही. त्या दिवशी आमच्याकडे थेपल्यांची चळत यायची. गार थेपला, दही आणि छुंदा. तो दिवस मला सणासारखा वाटायचा आणि आमचा तो सणच नव्हता.

पण खरा जोडसण तेरा आणि चौदा जानेवारीचा. तेराला भोगी. आजी पहाटेच पाटीभर भाजी घेऊन बसायची: पावटा, वांगी, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, शेंगदाणे, बोरं. आमच्याकडे भाजी चिरत नाहीत, 'समारतात'; हा शब्द आम्ही गुजरातीतून कधी उचलला ते आम्हालाही कळलं नाही. तिळाचं कूट घातलेली ती मिसळीची भाजी, तीळ थापलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. दुसऱ्या दिवशी उत्तरायण. सगळं गाव धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, आकाश पतंगांनी भरलेलं, आणि खालून शेजारच्या घरचं उंधियु. पापडी, लहान वांगी, कंद, रताळी, मेथीचे मुटके, हिरवा लसूण. सोबत जिलबी. पातेल्यात डोकावलं की कळायचं, कालच्याच भाज्या आज तेलात न्हाऊन आल्यात. शेतात त्या आठवड्यात जे पिकतं ते दोन्हीकडे गेलं, एवढंच. उंधियु हे नाव 'ऊंधुं' म्हणजे पालथं, यावरून. मडकं पालथं करून जाळात भाजायची मूळची रीत. ती ऐकल्यावर आमच्या अलिबागच्या मावशीला लगेच पोपटी, तिकडची मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांची, आठवली होती. मांजा लागून बोटं कापलेली असायची आणि उंधियुचं मीठ-तिखट त्यात झोंबायचं. तरी बोटं चाटायचो.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला. वाडे हळूहळू पडले, फ्लॅट आले. त्याच १९४९ मध्ये विद्यापीठ सुरू झालं होतं. हंसा मेहता कुलगुरू, आणि तिथलं गृहविज्ञान पुढे नावाजलं. आई तिथे शिकली. त्यामुळे आजीचं 'चिमूट' आणि 'ओंजळ' हिनं ग्रॅममध्ये आणून एका वहीत उतरवलं. वही माझ्याकडे आहे. भोगीची भाजी आहे, उंधियु आहे, दाळढोकळी आणि वरणफळं दोन वेगळ्या पानांवर आहेत आणि माप दोन्हींचं तंतोतंत सारखं आहे. सेव उसळही आहे: पांढरे वाटाणे २५० ग्रॅम, कांदे ३, आलं-लसूण १ मोठा चमचा. खाली 'तरी' म्हणून मिरची पूड, धणे, खोबरं, सगळं मोजून दिलंय. 'तेल' लिहून पुढे टिंबं काढून जागा सोडली आहे. ती अजून कोरीच आहे.