‘फक्त जपानी लोकांसाठी’ ही पाटी कायद्याला चालते?

जपानमध्ये परदेशी माणसाला दारातून परत पाठवणं ही दुकानदाराची मर्जी, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. असा भेदभाव तिथे फौजदारी गुन्हा नाही, त्यामुळे पोलिसांना बोलावून फारसं काही हाती लागत नाही आणि समज आणखी पक्का होतो. दिवाणी न्यायालयात मात्र भरपाई मिळते. हामामात्सूच्या दागिन्यांच्या दुकानातून एका ब्राझिलियन महिलेला बाहेर काढलं गेलं. १९९९ साली न्यायालयाने १५ लाख येन द्यायला लावले. ओतारूच्या स्नानगृहाला २००२ मध्ये तिघांना प्रत्येकी १० लाख येन मोजावे लागले. त्यातल्या एकाने तर जपानी नागरिकत्व घेतलं होतं, तरी चेहरा पाहून अडवलं!

हॉटेलांचे हात याहून बांधलेले आहेत. खोल्या भरल्या, संसर्गजन्य आजार अशी नकाराची कारणं कायद्यातच मोजून दिली आहेत; राष्ट्रीयत्व त्यांत नाही. पर्यटकाचा पासपोर्ट मागणं हा नियमच आहे, तो भेदभाव समजू नका. नकार मिळालाच, तर स्थानिक आरोग्य कार्यालयाकडे तक्रार करा. पाटीचा फोटो, वेळ आणि नकाराचे नेमके शब्द तिथल्या तिथे टिपून ठेवा; नंतर पाटी काढली जाते आणि दावा अडतो.