काठी कोणत्या हातात?

तळजाईच्या टेकडीवर सकाळी काठी घेऊन चालणारं कुणी ना कुणी दिसतंच, आणि पुष्कळदा काठी दुखऱ्या खुब्याच्याच बाजूला असते. उजव्या खुब्याच्या ऑपरेशननंतर माझ्या ताईनेही ती उजव्याच हातात धरली होती. फिजिओथेरपिस्टने पहिल्याच दिवशी ती काढून डाव्या हातात दिली. ही अदलाबदल कशासाठी, ते समजलं की ऑपरेशननंतर लांब पल्ल्याचं धावणं नेमकं कुठे अडतं, तेही समजतं.

एका पायावर उभं राहिलं की खुब्याचा तराजू होतो. आतल्या बाजूला शरीराचं वजन, बाहेरच्या बाजूला कंबर ओढून धरणारा ग्लूटिअस मीडिअस हा स्नायू. पण या तराजूची दांडी समान नाही. स्नायूची बाजू वजनाच्या बाजूच्या साधारण निम्मीच. ढोबळ हिशेब करू. माणूस 60 किलोचा असेल, तर टेकलेला पाय सोडून उरले 50 किलो. ते तोलायला स्नायूला 100 किलोंचा जोर लावावा लागतो. सांध्यावर दोन्ही मिळून 150 किलो, आणि हे नुसतं उभं राहून! धावताना तर हा भार वजनाच्या चार-पाच पट होतो. उलट्या हातातली काठी लांब दांडीच्या बाजूला टेकू देते, म्हणून थोड्याशा दाबानेही स्नायूचं बरंच ओझं उतरतं.

हा स्नायू दुखण्याच्या काळातच खंगलेला असतो. ऑपरेशनची वाट त्याच्यातून किंवा शेजारून गेली, तर आणखी दुबळा होतो. ताईचा दम सायकलवर तीन महिन्यांत परत आला, स्नायू मात्र आला नव्हता. मला सगळ्यात काळजी वाटते ती याच काळाची. छाती ‘पळ’ म्हणते, आणि खुबा तयार नसतो.

पारख घरीच होते. ओट्याला दोन बोटं टेकवून ऑपरेशनच्या पायावर उभं राहायचं आणि दुसरा पाय उचलायचा. उचललेल्या पायाकडची कंबर खाली झुकली, तर स्नायू कमी पडतोय. ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन सर्जनने ही खूण 1895 मध्ये सांगितली, आणि आजही ती तितकीच उपयोगी आहे.

अर्थात ऑपरेशन कोणतं, यावरही बरंच ठरतं. दुर्बिणीतून केलेली दुरुस्ती वेगळी, बदललेला सांधा वेगळा. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी 1962 मध्ये धातूच्या गोळ्याला पॉलिथिलीनची वाटी जोडली, तेव्हापासून प्रश्न झिजेचा आहे. वाटी वर्षांनी नाही, पावलांनी झिजते. झिजेचे बारीक कण भोवतालचं हाड पोखरतात आणि सांधा सैल होतो. 1990 च्या दशकाच्या अखेरीस आलेलं नवं पॉलिथिलीन फार कमी झिजतं, म्हणून काही सर्जन आता बेताने धावू देतात. मॅरेथॉनला मात्र बरेच जण नाही म्हणतात. त्यामुळे आपल्या सर्जनला स्पष्ट विचारल्याशिवाय बूट बांधू नयेत.

ताईला परवानगी मिळाली ती सातव्या महिन्यात. चार मिनिटं चालायचं, एक मिनिट धावायचं, तेही मातीच्या सपाट वाटेवर. पावलं आखूड आणि भरभर टाकायची, कारण त्याने खुब्यावरचा मार कमी होतो. पहिल्या दिवशी मी तिच्या मागून चालत होतो. नजर घड्याळाकडे नव्हती, तिच्या ट्रॅकपँटच्या पट्ट्याकडे होती. सहाव्या फेरीपर्यंत पट्टा सरळ राहिला. सातव्या फेरीला डावीकडे जरासा कलला, तशी मी हाक मारली आणि आम्ही परत फिरलो.