गिझरचा प्लग ऑफलाइन का जातो?

अंथरुणातूनच फोनवर बोट टेकवायचं आणि उठेपर्यंत पाणी गरम, एवढ्यासाठी गिझरला स्मार्ट प्लग लावला. महिना झाला नाही तोच तो रुसायला लागला. ॲप उघडावं तर ‘ऑफलाइन’. दुकानातून बदलून आणला, दुसराही तसाच. गंमत म्हणजे हाच प्लग हॉलमध्ये राऊटरशेजारी टेबललॅम्पला लावला, तर चार दिवस एकदाही तुटला नाही. म्हणजे खोट प्लगमध्ये नव्हती.

आधीचा प्लग परत करायच्या आत उघडायचा मोह आवरला, पण घरात एक जुना बंद पडलेला होता, तो उघडला. सर्किट बोर्डच्या कोपऱ्यात तांब्याची नागमोडी रेघ दिसली. तीच अँटेना. असे बहुतेक प्लग 2.4 गिगाहर्ट्झवरच बोलतात. त्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. अँटेनाला तिचा साधारण चौथा हिस्सा, म्हणजे तीन सेंटिमीटर लागतात, म्हणून ती दुमडून बसवलेली. आमच्या स्विचबोर्डामागे भिंतीत पत्र्याचा डबा आहे. धातू इतका जवळ आला की अँटेनाचा सूर उतरतो, तंबोऱ्याच्या तारेला बोट लागावं तसा. त्यात शेजारी पाण्याने भरलेली गिझरची टाकी.

फोनवरच्या एका ॲपने बोर्डापाशी सिग्नल मोजला: उणे 70. या मापात (डीबीएम) शून्य म्हणजे एक मिलिवॉट, आणि दहा अंक खाली म्हणजे ताकद दहापट कमी. राऊटर 100 मिलिवॉटने, म्हणजे अधिक 20 ने, बोलत असेल, तर इथे पोचतो त्याचा अब्जावा भाग. तेवढ्यावरही वायफाय चालतं, हेच खरं तर नवल. पण वर कशाचीही भर पडली की संपलं.

भर कशाची पडते ते कळायला कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, प्लग तुटल्याच्या वेळा लिहिल्या. दोन आठवड्यांत उत्तर समोर. काही नोंदी रात्री नऊच्या, जेवण गरम करायच्या वेळेच्या. मायक्रोवेव्ह ओव्हन 2.45 गिगाहर्ट्झवर चालतो, आणि त्याच्या दारातून झिरपणारी किंचितशी ऊर्जाही उणे 70 च्या कुजबुजीपुढे आरडाओरडाच ठरते. साधा ओव्हन विजेच्या प्रत्येक आवर्तनात 10 मिलिसेकंद गरजतो आणि 10 मिलिसेकंद गप्प बसतो. धडधाकट सिग्नल त्या फटींतून निसटतो, आमचा निसटत नव्हता.

बाकीच्या नोंदी वीज जाऊन आल्यानंतरच्या. प्लग काही सेकंदांत जागा होतो, राऊटरला दोन-तीन मिनिटं लागतात. आमचा प्लग चारदोन हाका मारून नाद सोडत होता.

एक्स्टेन्शन लावून प्लग भिंतीपासून लांब आणता आला असता, पण 2000 वॉटचा गिझर जवळपास 9 अँपिअर ओढतो; त्याच्याशी असले खेळ नकोत. त्यापेक्षा टीव्हीच्या मागे कोंबलेला राऊटर पॅसेजमधल्या चपलांच्या कपाटावर ठेवला. आकडा उणे 58 वर आला, म्हणजे ताकद पंधरापटीहून जास्त. सेटिंगमध्ये चॅनेल, म्हणजे 2.4 गिगाहर्ट्झमधली वायफायची पट्टी, ‘ऑटो’वरून काढून 1 केला, कारण 1, 6 आणि 11 या एकमेकांत न मिसळणाऱ्या तिघांत तो ओव्हनच्या 2.45 गिगाहर्ट्झपासून सर्वांत दूर. राऊटरला छोटा यूपीएस जोडला.

त्यानंतर कॅलेंडरवर एकच नोंद आहे. त्या दिवशी धाकट्याने मोबाइल चार्जिंगला लावायला यूपीएसमधून राऊटरचीच पिन काढली होती.